पहिल्यांदाच लिस्बन बघताय? सुरुवात भूकंपापासून करा

लिस्बनला पोचलेले आपल्याकडचे बहुतेक लोक हॉटेलात सामान टाकतात आणि तडक बेलेम गाठतात. नदीकाठचा तो पांढरा मनोरा आणि जवळचा मठ फोटोंत पाहिलेला असतो, तो आधी डोळ्यांखालून घालायचा असतो. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी मध्यवस्तीत आलो, तेव्हा कशाचीच संगती लागेना. खाली सपाटीवर पट्टी लावून आखल्यासारखे सरळ रस्ते, सगळी घरं एका उंचीची. दहा मिनिटं चढून गेलं की दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येणार नाही अशा गल्ल्या. आणि समोरच्या टेकडीवर एक भलंमोठं चर्च, ज्याला छप्परच नाही.

हे कोडं एका तारखेने सुटतं: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण होता, सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले, चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हादरली. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर तिथे समुद्र चढून आला. जे उरलं त्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस विझली नाही. म्हणून लिस्बनमधल्या कुठल्याही वास्तूपुढे उभं राहिलात की आधी एवढंच विचारा: ही त्या सकाळच्या आधीची की नंतरची? खाली दिलेला तीन दिवसांचा क्रम याच प्रश्नावर बेतला आहे.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. हवा बघाल तर एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात.

वार बघून आखणी करा, हे मात्र विसरू नका. बेलेमचा मठ, मनोरा आणि शहरातला राष्ट्रीय पँथिऑन सोमवारी बंद असतात. कार्मूचं छप्पर नसलेलं चर्च रविवारी बंद असतं. १३ जून हा संत अँथनीचा दिवस, शहराची हक्काची सुट्टी. त्याच्या आदल्या रात्री गल्लीगल्लीत सार्डिन मासे भाजतात आणि पहाटेपर्यंत लोक नाचतात. त्या दिवशी वास्तू बघायच्या भानगडीत पडू नका, लोकांत मिसळा.

बूट चांगल्या पकडीचे घ्या. लिस्बनच्या पदपथांवर पांढऱ्या-काळ्या दगडाचे छोटे चौकोनी तुकडे बसवलेले असतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ते गुळगुळीत झाले आहेत आणि पावसाची एक सर आली की उतारावर पाय ठरत नाही. घरातली वयस्कर मंडळी सोबत असतील तर ही सूचना दोनदा वाचा.

विमानतळावरून मेट्रो थेट शहरात येते. लाल मार्गाने आलामेदा स्टेशनला यायचं, तिथे हिरव्या मार्गाची गाडी धरायची, रोसियू किंवा बायशा-शियादूला उतरायचं. मशिनमधून ‘नावेगांते’ नावाचं कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरा. तेच कार्ड ट्रामला, बसला, लोकल गाडीलाही चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोलाही दोन कार्डं लागतात. ज्यांना बरीच तिकिटाची ठिकाणं बघायची आहेत त्यांनी २४, ४८ किंवा ७२ तासांचं ‘लिश्बोआ कार्ड’ घ्यावं. त्याचे तास पहिल्यांदा वापरल्यापासून मोजले जातात, तेव्हा ते संध्याकाळी उगाच सुरू करू नका.

पहिला दिवस: जे पडलं ते

सकाळी आठच्या सुमारास नदीकाठच्या प्रासा दू कोमेर्सियू या चौकात या. तीन बाजूंना पिवळ्या कमानींची रांग, चौथी बाजू तेजू नदीला मोकळी. लिस्बनचे लोक आजही याला ‘तेरेइरू दू पासू’ म्हणजे राजवाड्यापुढचं पटांगण म्हणतात, कारण भूकंपापर्यंत इथे राजवाडा होता. हिंदुस्थानच्या व्यापाराचा सगळा कारभार बघणारी ‘कासा दा इंदिया’ ही कचेरीही याच आवारात होती. गोवा, वसई, चौल, दमण इथून आलेल्या मालाचा हिशेब इथे लागायचा. राजवाडा, ग्रंथालय, कागदपत्रं, सगळं एका सकाळीत गेलं.

मधल्या घोड्यावरच्या पुतळ्यातला राजा जुझे पहिला. १७७५ मध्ये, भूकंपाला वीस वर्षं झाल्यावर हा पुतळा बसवला. चौथऱ्याला वळसा घाला, एका अंगाला हत्ती दिसेल. लिस्बनमध्ये हत्ती दिसला की समजावं, बोट आपल्याकडे दाखवलं आहे. पुढे बेलेमला तो पुन्हा भेटणार आहे. याच चौकात १ फेब्रुवारी १९०८ ला राजा कार्लुश आणि युवराज यांना गोळ्या घालून मारलं आणि पुढच्या अडीच-पावणेतीन वर्षांत पोर्तुगालची राजेशाही संपली.

मोठ्या कमानीखालून आत गेलात की ‘बायशा’ म्हणजे खालचं शहर. मंत्री पोंबाल याने हा सगळा भाग नव्याने बांधून घेतला. घरं एकसारखी का, याचं उत्तर भिंतींच्या आत आहे. प्रत्येक घराच्या भिंतीत लाकडाचा आडवा-उभा-तिरपा सांगाडा आहे, त्याला ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली की लाकूड लवतं आणि घर उभं राहतं. नमुना बांधून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. रस्त्यांना नावं धंद्यांची: सोनारांचा रस्ता, चांदीकामवाल्यांचा रस्ता, चांभारांचा रस्ता. पेठ कशी वसवतात हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता कार्मू. सान्ता जुश्ता नावाचा १९०२ सालचा ४५ मीटर उंच लोखंडी उद्वाहक इथे आहे आणि त्याच्यापुढे तासभराची रांग लागते. रांगेत वेळ घालवू नका. तो खालून बघा, आणि बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात बायशाच्या बाजूने शिरून सरकत्या जिन्यांनी शियादूच्या दाराने वर निघा. चढ वाचतो. तिथून कार्मू पाच मिनिटांवर.

कार्मूचा मठ १३८९ चा. भूकंपात छप्पर कोसळलं. दुरुस्तीचा प्रयत्न झाला, मग ती थांबली आणि पुढे ठरवूनच ते तसं ठेवलं. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते: दोन्ही बाजूंनी निघालेल्या टोकदार कमानी वर जाऊन एकमेकींना भिडतात, आणि त्यांच्या मध्ये निळं आभाळ. खाली जिथे बाकं असायची तिथे गवत आणि खडी. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दृश्य लगेच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की वसईची छपरं चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयानंतर वर्षानुवर्षं झिजत गेली, इथलं काही मिनिटांत गेलं. इथे घाई करू नका. तासभर बसा.

बाहेरच्या छोट्या चौकातही थांबा. २५ एप्रिल १९७४ ला इथल्या पोलीस दलाच्या बराकीत पंतप्रधान मार्सेलू कायतानू लपले होते. बाहेर तरुण कॅप्टन साल्गेइरू माया यांच्या चिलखती गाड्यांनी वेढा घातला होता आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल फुलं खोवली होती. संध्याकाळपर्यंत चार दशकांहून जुनी हुकूमशाही संपली. गोवा १९ डिसेंबर १९६१ लाच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने ते मान्य झालं. गोव्याच्या इतिहासातलं एक पान या झाडांखाली उलटलं, आणि गोव्याहून येणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असतं?

दिवसाचा शेवट रोसियू चौकाला लागून असलेल्या सांव दुमिंगुश चर्चमध्ये करा. बाहेरून अगदी साधं आहे, तिकीट नाही. भूकंपात पडलं, परत बांधलं, मग १९५९ मध्ये आतून जळालं. १९९४ ला ते उघडलं तेव्हा जळक्या खुणा पुसल्या नाहीत. खांबांवर हात ठेवून बघा. उष्णतेने दगडाचे पापुद्रे निघाले आहेत, कडा वितळल्यासारख्या गोल झाल्या आहेत, आणि वर गेरूच्या रंगाचं नवं छत. बाहेर एक गोल दगडी स्मारक आहे. एप्रिल १५०६ मध्ये याच चर्चमधून सुरू झालेल्या दंगलीत ज्यूंची आणि सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल झाली, त्यांचं ते स्मारक. शेजारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत जे धर्मन्यायालय चाललं, ते याच यंत्रणेची शाखा होती. रोसियूत कॉफी पिताना हे ठाऊक असावं.

दुसरा दिवस: जे उभं राहिलं ते

आल्फामा हा जुना मूर लोकांचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांचा, भाग. नाव अरबी ‘अल्‌ हम्मा’वरून आलं, म्हणजे गरम झरे. इथली टेकडी टणक, म्हणून १७५५ मध्ये हा भाग बराच वाचला. नकाशा बाजूला ठेवून भटकावं असं लिस्बनमधलं हे एकच ठिकाण आहे.

किल्ल्यावर जायला २८ नंबरची पिवळी ट्राम सगळे सुचवतात. ट्राम देखणी आहे, पण दुपारी ती दादरच्या लोकलसारखी भरते आणि खिसेकापूंचा तो अड्डा आहे. माझ्या भावाचं पाकीट तिथेच गेलं, वळणावर सगळे एका अंगाला कलले तेवढ्यात. बसायचंच असेल तर सकाळी लवकर मार्तिम मोनीशला, जिथून ती सुटते तिथे जाऊन बसा. नाहीतर रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या १७० नंबरच्या आसपासच्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, ती फुकट आहे. वर थोडं चालून दुसरी लिफ्ट. गुडघे दुखणाऱ्यांना प्रासा दा फिगेइराहून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापाशी सोडते.

सांव जॉर्जचा किल्ला मूर लोकांनी अकराव्या शतकात बांधला आणि ऑक्टोबर ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसू एन्रिकेश याने उत्तरेकडून आलेल्या क्रूसेडरांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, मदतीने घेतला. खरं सांगायचं तर रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला म्हणून मोठा वाटणार नाही. शिवाय आज दिसणारे बरेचसे तट-बुरूज १९३८ नंतरच्या डागडुजीत उभे राहिलेले आहेत. इथे यायचं ते तटावरून शहर वाचायला. काल पाहिलेली सरळ रेघांची पेठ, कार्मूचा सांगाडा, नदी, आणि या बाजूला आल्फामाची वेडीवाकडी छपरं: आधीचं आणि नंतरचं एका नजरेत दिसतं.

उतरताना सांता लुझियाच्या सज्जावर थांबा. तिथल्या चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक चित्र आहे, त्यात भूकंपाआधीचा राजवाड्यापुढचा चौक दाखवला आहे. काल जे नव्हतं ते आज दिसतं. आणखी खाली ‘से’ म्हणजे कॅथीड्रल. मशिदीच्या जागी ११४७ नंतर लगेच बांधायला घेतलेलं, जाड भिंतींचं, किल्ल्यासारखं.

दुपारी ताकद उरली तर राष्ट्रीय पँथिऑन. १६८२ ला काम सुरू झालं आणि घुमट चढून इमारत पुरी झाली ती १९६६ मध्ये. त्यामुळे कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज लोक ‘सांता एंग्रासियाचं बांधकाम’ म्हणतात. आत फादू या पोर्तुगीज गाण्यांच्या गायिका आमालिया रोद्रिगेश आणि फुटबॉलपटू युझेबियू यांच्या समाध्या आहेत आणि त्यांच्यापुढे लोक आजही फुलं ठेवतात. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर बाहेरच जुन्या वस्तूंचा बाजार भरलेला असतो.

जेवणाबद्दल थोडं

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, पैसे लागत नाहीत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावं, कारण भाजीच्या सुपातही सॉसेजची चकती असते. प्रसिद्ध ‘काल्दू व्हेर्द’ त्यातलंच. आभार मानताना पुरुषांनी ‘ओब्रिगादू’ म्हणायचं, बायकांनी ‘ओब्रिगादा’.

दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चला. बताता, साबांव, शाव्ह, बाल्द, लेलांव. हे आपले बटाटा, साबण, चावी, बालदी आणि लिलाव. आणि ‘शामुसा’ मागितलात तर गोव्याहून आणि मोझांबिकहून इथे आलेल्या लोकांनी रुजवलेला समोसा मिळेल.

तिसरा दिवस: बेलेम

आता बेलेमला जा, आणि सकाळी मठ उघडायच्या आधी तिथे असा. काइश दू सोद्रेहून लोकल गाडीने बेलेम स्टेशन, किंवा १५ नंबरची ट्राम. गाडी लवकर पोचवते.

जेरोनिमुश मठ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलने सुरू केला. पैसा कुठला? आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेला पाच टक्क्यांच्या आसपासचा कर. त्या भिंतींवरचे दगडात कोरलेले दोरखंड, पोवळी, गोल जाळीदार खगोलयंत्रं बघताना हे मनात असू द्या. मठाची चौकोनी ओवरी आणि चर्च यांची दारं वेगळी, रांगाही वेगळ्या. तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी, उजवीकडे कवी कामोंइशची. गामा २४ डिसेंबर १५२४ ला कोचीत वारला, तिथेच पुरला गेला, मग अस्थी पोर्तुगालला आल्या आणि १८८० मध्ये इथे आणल्या. माणसं इथे भक्तिभावाने फोटो काढतात. पण याच माणसाने १५०२ मध्ये मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं, हेही त्या समाधीपुढे उभं राहून आठवलं पाहिजे. मग पुढे वेदीपर्यंत चालत जा. तिथे राजे आणि राण्यांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. पहिल्या दिवशीच्या हत्तीचे हे जुने भाईबंद.

मठासमोरच्या नदीकाठच्या बागेपलीकडे सागरी सफरींना पाठबळ देणाऱ्या राजपुत्र हेन्रीचं ५२ मीटर उंच स्मारक आहे. ते १९६० चं, म्हणजे गोवा हातचा जाण्याच्या एकच वर्ष आधीचं. जहाजाच्या नाळेवर ३३ माणसं कोरली आहेत. त्यात गामा आहे, आल्बुकर्क आहे, जुन्या गोव्यात ज्यांचं शव जपून ठेवलं आहे ते फ्रान्सिस झेवियरही आहेत. माझ्या मते वर चढलं नाही तरी चालेल. थोडं मागे, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यापुढे आल्बुकर्कचा स्वतंत्र पुतळा आहे. १५१० मध्ये गोवा घेणारा तो हाच. आपल्या हापूसचं नाव त्याच्या ‘आफोंसू’वरून पडलं असं मानतात. जवळच १८३७ पासून चाललेलं पेस्ट्रीचं दुकान आहे, मठातल्या भिक्षूंच्या पाककृतीवर उभं राहिलेलं. पेस्ट्री गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरून खायची. आत अंड्याचं बलक असतं, न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मनोरा शेवटी. फ्रान्सिश्कू दे आरुदा याने १५१४ नंतर तो नदीच्या तोंडावर पहाऱ्यासाठी बांधला. डागडुजीसाठी तो कधी कधी बंद असतो, तेव्हा निघण्याआधी खात्री करा. आत गेलाच पाहिजे असं नाही. अरुंद गोल जिना, वर-खाली जायला एकच वाट, आणि खोल्या रिकाम्या. बाहेरून मात्र एक गोष्ट शोधायची आहे.

गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजात चढवला आणि २० मे १५१५ ला याच किनाऱ्यावर उतरवला. युरोपात रोमन काळानंतर कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. लोकांनी त्याला नाव दिलं ‘गांदा’, म्हणजे आपलाच शब्द, गेंडा. पुढच्याच हिवाळ्यात राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो साखळदंडासकट बुडाला. तेव्हा या मनोऱ्याचं बांधकाम चालू होतं. पश्चिमेकडच्या बाजूला टेहळणीच्या एका छोट्या बुरजीचा तळ नीट न्याहाळा: पाच शतकांच्या खाऱ्या वाऱ्याने झिजलेलं एक डोकं बाहेर डोकावतंय, शिंग गेलंय, कान आणि जबडा अजून ओळखू येतात.

भरतीला पाणी मनोऱ्याभोवती येतं, म्हणून ओहोटीची वेळ बघून जा. उन्हं कलायला लागली की प्रकाश त्याच बाजूने पडतो आणि ते डोकं सावलीतून वर येतं.